गिळलेला सेकंद

"ड्रायव्हरसाठी आलोय," तो तिकीटखिडकीत वाकून म्हणाला.

"बोटीला कप्तान असतो. ड्रायव्हर नसतो," तिकीटवाल्या मावशींनी मान वर न करता सांगितलं. "आणि भरती बंद आहे."

"चालवणारा नाही हो. मी ड्रायव्हर लिहितो."

आता मात्र मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. त्याच्या केसांतून निघालेला एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता... पडू की नको, अशा विचारात.

"भोंगा, ए भोंगा," मावशींनी मागे हाक मारली. "तुझ्याकडे पाठवते गं एकाला. लिहितो म्हणे. कवी दिसतोय."

जिन्यावरून खाली येणारी ती मधल्याच पायरीवर थांबली. थेंब पडला. तिला हसू आलं, आणि ते त्याने पाहिलं. झालं. एवढंच झालं त्या दिवशी, पण व्हायचं ते अशाच फुटकळ गोष्टींतून होतं.

भोंगा हे नाव तिला धक्क्यावरच्या लोकांनी दिलं होतं. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, पण माईक हातात घेतला की धक्क्यावरचे बगळे उडायचे. फेरीबोटींच्या दालनावर काचेची एक केबिन होती, तिथे बसून ती दिवसाला चाळीस घोषणा करायची. सात वर्षं. लोकांना वाटतं, बोलायला काय लागतं. नळ सोडल्यासारखं तोंड सोडायचं. अशा लोकांना एक दिवस चाळीस वेळा तोच किनारा, तोच धक्का, तीच वेळ सांगायला बसवावं, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं बोलायला लावावं. दुपारपर्यंत रडतील.

केबिनमध्ये आल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि टेबलाखालच्या करड्या पेटीला एक वायर जोडली.

"ही पेटी दुरुस्त करणार?" तिने विचारलं.

"पेटी धडधाकट आहे. पेटीला कामं सांगणारा प्रोग्रॅम चुकलाय. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात."

"म्हणजे माणसाची चूक."

"नेहमीच."

"बरं झालं, कोणीतरी कबूल केलं. इथे सात वर्षं सगळे पेटीवर ढकलतात. आणि गेल्या महिन्यापासून माझ्यावर."

प्रकरण असं होतं. बटण दाबून बोलायला सुरुवात केली की पेटी पहिला सव्वा सेकंद गिळायची. तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती आधी एक फालतू शब्द पेटीला खायला घालायची आणि मग घोषणा करायची. पण ती दोन दिवस रजेवर गेली आणि बदलीवरच्या माणसाला ही युक्ती कोणी सांगितली नाही. 'बेटाची बोट' यातला 'बेटाची' पेटीने गिळला आणि बेटावर निघालेले साठ जण दीपस्तंभावर जाऊन उतरले. त्यात एक नवरी होती. मुख्य कार्यालयाने पत्र धाडलं : सोमवारपर्यंत पहिला शब्द स्पष्ट आला नाही, तर निवेदिका बंद, रेकॉर्ड केलेला आवाज चालू. धक्क्याचे साहेब पत्र वाचून म्हणाले होते, "यंत्राला रजा लागत नाही." हे सांगताना ते स्वतः रजेच्या अर्जावर सही करत होते. स्वतःच्याच.

"रेकॉर्डिंगचाही पहिला शब्द गिळेल ना ही पेटी?" तिने विचारलं.

"त्यात आधी एक-दीड सेकंद शांतता भरून देतात."

"म्हणजे यंत्रासाठी थांबायची तयारी आहे, माणसासाठी नाही."

त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"सेकंद गिळतं कोण, ते सांगा," ती म्हणाली.

"आत छोट्या छोट्या खोल्या आहेत असं समजा. एक खोली तुमचा आवाज घेते. दुसरी त्याचे आकडे करते. तिसरी आकड्यांचा पुन्हा आवाज करते, आणि शेवटची तो मोठा करून भोंग्यांकडे... म्हणजे, खालच्या भोंग्यांकडे पाठवते."

"कळलं. बोला."

"कुठल्या खोलीचं दार कुठल्या खोलीत उघडायचं, ते मी लिहितो. वीज वाचावी म्हणून सगळ्या झोपलेल्या असतात. तोंडापासून कानापर्यंतचा रस्ता अख्खा जोडला गेला तरच उठतात. एक टोक जरी सुटं राहिलं, तरी कोणी डोळा उघडत नाही. तुम्ही बटण दाबता, रस्ता पूर्ण होतो, मग एकेक उठते. शेवटची आळशी आहे. सव्वा सेकंद लावते."

"आमच्या साहेबांसारखी."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची आणि उजवा गाल कोरडाच राहायचा, जणू अर्धं काम करून सोडून दिलंय.

पडद्यावरच्या ओळींवर तिने बोट ठेवलं. "हे काय?"

"रस्ते. प्रत्येक ओळीत आधी पोचायचं कुठे ते लिहायचं, निघायचं कुठून ते शेवटी. नवीन माणूस हमखास उलटं लिहितो आणि दिवसभर डोकं आपटतो."

"मीही तसंच सांगते. आधी किनारा, मग धक्का. कुठे जायचंय हेच ज्याला माहीत नाही, त्याला कुठून निघायचं हे सांगून काय उपयोग?"

"तुम्ही माझं काम आठवड्यात शिकाल."

"मला काम आहे. तुम्ही वाचवलंत तर."

जिन्याखाली, दालनाच्या पलीकडे, लाइफजॅकेटांची कोठी होती. तिथे एका खोक्यावर त्याने बस्तान मांडलं. लांबच लांब वायर, कानावर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. कोठीचं दार उघडं असलं की केबिनच्या काचेतून त्याची पाठ दिसायची.

आता तिचं एक गुपित सांगायला हवं.

पेटीला खायला घालायचा तो शब्द सुरुवातीला 'हं' होता. महिनाभर 'हं' म्हणून ती कंटाळली. मग एकदा तिच्या तोंडून गेलं, 'पाय दुखतात.' पेटीने गिळलं. दालनात कोणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी 'साहेब घोरतायत.' तेही गेलं. त्या दिवसापासून तो सव्वा सेकंद तिचा झाला. 'लग्न नको.' 'वहिनी बरोबर होती.' 'बाबा थकलेत.' दिवसाला चाळीस वेळा ती खरं बोलायची, आणि मग लगेच गोड आवाजात लोकांना बोटीत बसवायची. जगात अशी सोय कितीजणांना असते? म्हणून ती समाधानी होती. तिच्या डोक्यात कधीच काही साठून राहिलं नाही.

मंगळवारी सकाळी तिने काचेतून पाहिलं आणि माईक उचलला. "शर्ट उलटा घातलाय — पलीकडच्या किनाऱ्याची अकरा वीसची बोट धक्का क्रमांक दोनवरून सुटेल."

थोड्या वेळाने तो काही विचारायला वर आला. शर्ट सुलट होता.

बुधवारी, "खिडकीतून गार येतं — बेटाची बोट..." आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तो रबराची एक पट्टी घेऊन आला. "सहज पडली होती," म्हणाला, आणि खिडकीची फट बुजवून गेला.

गुरुवारी तिला भूक लागली आणि बिस्किटांचा पुडा आला.

"तुमचं मन बरं रमतं हो इथे," ती त्याला म्हणाली. "दर तासाला वर येता."

"मोजमापं घ्यायला."

"कशाची?"

तो पेटीकडे पाहत राहिला. कान लाल. "...आवाजाची."

गोड होतं सगळं. पण भोंगा मूर्ख नव्हती. शुक्रवारी तिने पेटीला सांगितलं, "डोकं दुखतंय," आणि दहा मिनिटांत पाण्याचा पेला अन् गोळी टेबलावर आली. डोकं दुखतंय हे तिने मावशींनाही सांगितलं नव्हतं. गोळी न घेता ती तिच्याकडे बघत बसली. मग बारा पाचच्या घोषणेला तिने माईक उचलला, नजर कोठीच्या उघड्या दारावर ठेवली, बटण दाबलं आणि म्हणाली, "उजवा हात वर."

कोठीत, खोक्यावर बसलेल्या पाठीचा उजवा हात वर गेला.

अर्ध्यात थांबला. मग तसाच हवेत राहिला, खाली कसा आणायचा हे विसरल्यासारखा.

तिने घोषणा पुरी केली. एकही शब्द न अडखळता, कारण प्रवाशांनी तिचं काय घोडं मारलं होतं. मग ती जिना उतरली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या तासाला." त्याने हेडफोन काढून हातात धरला. "आवाज कुठे तुटतो ते बघायला तुमच्या माईकपासून माझ्या कानापर्यंत एक वेगळा रस्ता जोडला होता. तो त्या आळशी खोलीतून जात नाही. म्हणून मला सगळं..."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबवलं असतं."

"ते मी ठरवायचं होतं."

"हो."

"माझी सात वर्षांची एकच खाजगी जागा होती ती. त्यात तुम्ही खुर्ची टाकून बसलात."

"हो," तो म्हणाला. आणि पुढचं, जे कोणी विचारलं नव्हतं, तेही म्हणाला. "आणखी एक आहे. दोष बुधवारीच सापडला होता. माईक हुकावरून उचलला की बटण दाबण्याआधीच शेवटच्या खोलीला उठवायचं, एवढंच करायचं होतं. लिहून ठेवलंय. पेटीत घातलं नाही."

"का?"

"घातलं की तो सेकंद दालनात ऐकू जाणार. मग तुम्ही..."

"सोमवारी माझी नोकरी जाणार होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही करमणूक लांबवत होतात."

तो उठला, लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "ही ती ओळ. पोचायचं, माझा हेडफोन. निघायचं, तुमचा माईक. तुम्हीच पुसा."

तिने ती ओळ पुसली. एकेक अक्षर, सावकाश, भांड्याचं बूड घासावं तशी. "आता ते दुसरं घाला पेटीत."

त्याने घातलं. संध्याकाळच्या बोटीला तिने पहिल्यांदाच नुसती घोषणा केली. पहिला शब्द दालनात लख्ख उमटला. मावशींनी खिडकीतून अंगठा दाखवला. भोंगाला मात्र तोंडात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं.

घरी बाबा गॅलरीत बसले होते. जन्मभर बोटींच्या इंजिनांजवळ काम करून त्यांचा एक कान गेला होता. दुसरा मुलीच्या घोषणांसाठी राखून ठेवलाय म्हणायचे. "आज आवाज चिडलेला होता," ते म्हणाले.

तिने सांगितलं. सगळं नाही, पण शर्ट, खिडकी, बिस्किटं, गोळी आणि तो वर गेलेला हात. हाताच्या गोष्टीपर्यंत आल्यावर बाबा हसून हसून खोकले.

"हसू नका. चोरून ऐकलंय त्याने."

"ते वाईटच," बाबा म्हणाले. "त्याबद्दल त्याला दोन दिवस उन्हात उभा कर."

वहिनी वाळलेले कपडे घड्या करत होती. ती म्हणाली, "मी तुझ्या दादाला चार वर्षं सांगतेय, न्हाणीघराच्या खिडकीची फट बुजवा. समोर उभी राहून सांगतेय. मोठ्याने. ह्याने एका सेकंदात ऐकलं आणि रबर आणलं?"

"वहिनी, मुद्दा तो नाहीये."

"तुझा नसेल. माझा आहे." वहिनीने दादाचा सदरा जरा जोरातच घडी केला. "राग धर, खुशाल धर. मी असते तर मीही धरला असता. पण माणूस टाकून देण्याआधी एवढं बघ की ऐकून त्याने केलं काय. सगळ्यांना कान असतात गं."

शनिवारी दुपारी, बाराची बोट गेल्यावर आणि दोनची यायच्या आधी, दालन रिकामं होतं. काचेवर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. तो कोठीत वायरी गुंडाळत होता. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"तो रस्ता परत जोडा," ती दारात उभी राहून म्हणाली.

"नको. तुम्ही पुसलाय."

"जोडा म्हणते ना. खालचे भोंगे बंद ठेवा. आणि ह्यावेळी तुम्ही वर, मी इथे. तुम्ही माझं चार दिवस ऐकलंत. मला निदान चार मिनिटं नकोत?"

त्याने ओठ चावला. मग मुकाट्याने ओळ लिहिली. तिने हेडफोन कानावर चढवला. तो तिला मोठा होत होता आणि आतून अजून कोमट होता. वर काचेमागे तो बसलेला दिसला, माईक दोन्ही हातांनी धरून, पहिल्यांदाच हातात तान्हं मूल दिल्यासारखा.

टक्. बटण.

"कसं बोलतात हे."

टक्. "काल जेवलो नाही."

टक्. "चुकलं माझं. खरंच."

इतका जवळ होता तो आवाज की तिने मान वळवून पाहिलं. मागे नुसती लाइफजॅकेटं लटकत होती.

टक्. "शर्ट मुद्दाम उलटा." तिने तोंडावर हात ठेवला. "...म्हटलं, काहीतरी म्हणाल." हे दुसरं सव्वा सेकंदाच्या बरंच बाहेर गेलं होतं, पण तिने मोजलं नाही.

टक्. काहीच नाही. फक्त श्वास, आणि केबिनच्या काचेवरचा पाऊस. बुजवलेल्या खिडकीतून वाऱ्याचा आवाज येत नव्हता.

टक्. "जावंसं वाटत नाही."

टक्. "तुम्ही... आवडता."

तिने हेडफोन काढला, वायर नीट गोल केली आणि खोक्यावर ठेवला. तो खाली आला तेव्हा ती म्हणाली, "दोनची बोट येतेय. मला वर जायचंय."

"बरं."

"ओळ तुम्हीच पुसा ह्यावेळी."

"बरं," तो म्हणाला, आणि बाजूला सरून तिला जिन्याची वाट दिली. उत्तर मागितलं नाही. हे तिने नोंदवून ठेवलं.

सोमवारी मुख्य कार्यालयातून बाई आल्या. करडे केस, हातात स्टॉपवॉच, बगलेत फाईल. साहेब त्यांच्यामागे छत्री घेऊन फिरत होते, दालनात, छपराखाली. बाई सकाळपासून बाकावर बसून प्रत्येक घोषणा ऐकत होत्या आणि तोंडावरची माशी हलू देत नव्हत्या. भोंगाने पंचवीस घोषणा केल्या. पंचवीसही वेळा जीभ दातांमागे दाबून धरली. सात वर्षांची सवय जिभेच्या टोकाशी येऊन थडकायची आणि मागे फिरायची. पंचवीसही वेळा पहिला शब्द स्वच्छ गेला.

"सही झाली?" तिने मावशींना फोनवरून विचारलं.

"नाही गं. चार दहाच्या बोटीने निघतायत. त्या बोटीची घोषणा ऐकून मगच सही करणार म्हणे. वर कळवतील." मावशी थांबल्या. "कवीही त्याच बोटीने चाललाय. पिशवी घेऊन रांगेत उभा आहे. निळा शर्ट. सुलट."

भोंगाने फोन ठेवला.

काचेतून रांग दिसत होती. दोनशे माणसं, छत्र्या, पिशव्या, कडेवरची पोरं. मधोमध बाई. त्यांच्यामागे सहा-सात माणसं सोडून तो. वर बघत नव्हता. दोन दिवस रोज समोर होता, काम करत होता, आणि एकदाही त्याने विषय काढला नव्हता. एक टोक त्याने जोडून ठेवलं होतं आणि गप्प बसला होता. दुसरं टोक तिच्या हातात होतं, हुकावर लटकत.

तिने माईक उचलला. पेटीतून बारीकशी 'टिक्' आली. आळशी खोली उठून बसली होती. आता काहीही गिळलं जाणार नव्हतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं. बाईंची फाईल ठाऊक होती, साहेबांचं ते रजा न लागणारं यंत्र ठाऊक होतं. ज्या जागी सात वर्षं ती खरं बोलली, त्या जागी आज खोटं गप्प बसायचं, आणि तेही नोकरी वाचवायला... तिला ते जमेना.

तिने बटण दाबलं.

"थांबा."

दोनशे माणसं जागच्या जागी थांबली. पुढचा म्हातारा एक पाय फळीवर आणि एक जमिनीवर ठेवून थांबला. कडेवरचं पोर रडायचं थांबलं. बोटीवरच्या खलाशाने दोर धरलेला हात वर ठेवला. बाईही थांबल्या.

"तुम्ही सगळे नाही," भोंगा दालनाला म्हणाली, त्याच गोड, न अडखळणाऱ्या आवाजात. "बाकीच्यांनी चढायचं आहे. पलीकडच्या किनाऱ्याची चार दहाची बोट धक्का क्रमांक एकवरून सुटेल. फक्त निळ्या शर्टवाल्यांनी थांबावं. मलाही आवडतात ते. घोषणा संपली."

दालनात कुठेतरी एक शिट्टी वाजली आणि मग निळा शर्ट शोधण्यासाठी दोनशे माना वळल्या. दुर्दैवाने निळे शर्ट तीन निघाले. त्यातले एक साठीचे गृहस्थ होते. त्यांची बायको त्यांच्याकडे फार रोखून पाहू लागली.

तो मात्र पिशवी खाली ठेवून वर बघत होता. डाव्या गालावर खळी, आणि आज उजव्यावरही काहीतरी प्रयत्न चाललेला.

साहेब छत्री आपटत बाईंकडे धावले. "मॅडम, माफ करा, ही मुलगी... मी आजच्या आज..."

बाईंनी स्टॉपवॉच पाहिलं. फाईल उघडली. पेनाचं टोपण दातात धरून काहीतरी लिहिलं आणि खाली सही ठोकली. फाईल साहेबांच्या हातात दिली आणि बोटीत चढल्या.

मावशींनी नंतर ते साहेबांच्या खांद्यावरून वाचलं आणि फोनवरून वर सांगितलं. एकच ओळ होती. 'पहिला शब्द स्पष्ट ऐकू आला. निवेदिका कायम.'

बोट सुटली. पाणी मागे फेसाळलं, बगळे उडाले, पुन्हा बसले. जिन्यावर पावलं वाजली. तो केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. पावसाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर, पहिल्या दिवसासारखाच.

"माझी बोट गेली," तो म्हणाला.

"पुढची पाच पन्नासला आहे."

"तिची घोषणा कधी करणार?"

भोंगाने माईक हुकावर अडकवला. खाली पेटीत ती आळशी खोली पुन्हा झोपली असेल. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून तिने कोपऱ्यातलं रिकामं खोकं पायाने त्याच्याकडे सरकवलं, बसायला.

"करायची की नाही," ती म्हणाली, "ते ठरवतेय अजून."